पावसाळ्यात मलेरियाची स्लाइड बिघडते, तेव्हा आधी काय तपासायचं

लक्षणं आधी सांगते. यातलं एखादं जरी तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं वाचा.

– स्टेन केलेली (रंग चढवलेली) स्लाइड उजेडात धरली की गुलाबी-जांभळट दिसायच्या ऐवजी निळीकुट्ट दिसते. मायक्रोस्कोपखाली लाल पेशी राखाडी-हिरवट आणि पांढऱ्या पेशींची केंद्रकं काळीशार.
– किंवा नेमकं उलटं. सगळं विटकरी लाल, केंद्रकं फिकट, पुसल्यासारखी.
– लाल पेशींमध्ये चकाकणारी गोल भोकं, जणू कसर लागली आहे.
– जांभळी-काळी भुकटी सगळीकडे पसरलेली.
– थिक स्मिअर (काचेवरचा रक्ताचा जाड थर) धुताना पापुद्र्यासारखा सुटून बेसिनमध्ये जातो, किंवा जागेवर राहतो पण तपकिरी दिसतो आणि आत काहीच ओळखू येत नाही.
– आणि हे सगळं मे महिन्यापर्यंत नव्हतं.

मी तुर्भे स्टोअर्सजवळच्या एका धर्मादाय दवाखान्याची लॅब सांभाळते. लॅब म्हणजे दहा बाय आठची खोली. त्यात एक सेमी-ऑटो (रक्ताच्या केमिकल तपासण्यांचं यंत्र), एक सेंट्रिफ्यूज, एक मायक्रोस्कोप आणि खिडकीला बांधलेलं निळं प्लास्टिक. बाजूला झोपडपट्टी, पलीकडे बांधकामाच्या साइट्स, त्यामुळे जून संपता संपता तापाची रांग लागते. दिघा, रबाळे, कळवा इथल्या ओळखीच्या लॅबमधून त्याच सुमारास फोन सुरू होतात, “ताई, या वेळी स्टेन खराब निघालाय.” स्टेन खरंच खराब निघण्याची वेळ क्वचित येते. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. ते कधी हवेतलं असतं, कधी मिथेनॉलच्या (स्टेन ज्यात विरघळवतात त्या अल्कोहोलच्या) बाटलीत शिरलेलं, कधी नळाचं, कधी बोटावर राहिलेलं. कुठलं पाणी ते शोधायचं, एवढंच काम आहे. पण ते स्वस्तापासून महागाकडे शोधायचं. पहिल्याच दिवशी नवीन स्टेनची ऑर्डर दिली तर पैसे जातात आणि चौथ्या दिवशी स्लाइड पुन्हा निळी येते.

त्याआधी स्वतःचं बोट टोचा

नवीन लॅन्सेट घ्या, स्वतःच्या बोटाचं रक्त काढा आणि पेशंटच्या स्लाइडबरोबरच तीही करा. तुम्हाला ताप नाही, थंडी नाही. त्या स्लाइडमध्येही ‘रिंगा’ (लाल पेशीतले कोवळ्या परजीवीचे गोल) दिसल्या तर त्या रिंगा नाहीत.

हे मी शिकले ते एका जुलैच्या दुपारी. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीने सकाळपासून चार पॉझिटिव्ह काढले होते. चार म्हणजे पावसाळ्यात फार नाही, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. मग रजिस्टरवर नजर गेली. चौघांपैकी एक बाई गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासणीला आल्या होत्या, त्यांना तापच नव्हता. हिमोग्लोबिनसोबत चुकून स्लाइडही झाली होती. मी मायक्रोस्कोपवर बसले. प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या लाल पेशीत एक सुबक गोल. बारीक फोकसचं चाक किंचित पुढे फिरवलं तर ते गोल आरशाच्या कवडशासारखे चमकले, मागे फिरवलं तर काळे झाले. परजीवी असा चमकत नाही. त्याला रंग असतो. निळसर कडं आणि त्यावर लाल-जांभळा ठिपका, आणि तो लाल पेशीच्याच पातळीवर फोकस होतो. मग मी माझं बोट टोचलं. माझ्याही रक्तात तेच गोल, भरघोस. त्या मुलीचा चेहरा पडला. मी तिला म्हटलं, “तुझं काही चुकलं नाही, बाटली चुकली.” बाटलीचं पुढे सांगते.

स्वतःची स्लाइड चांगली आली आणि पेशंटचीच बिघडली, तर दोष रक्त घेण्यात किंवा ठेवण्यात आहे. दोन्ही बिघडल्या तर स्टेन, पाणी किंवा हवा. अर्धा शोध इथेच संपतो.

फुकटात होणाऱ्या गोष्टी

पहिली, मायक्रोस्कोपचा कंडेन्सर, म्हणजे स्लाइडखालचं उजेड गोळा करणारं भिंग. शंभरच्या लेन्सवर तेल घालून बघताना कंडेन्सर वर हवा आणि डायफ्राम उघडा. चाळीसच्या लेन्सवर लघवी बघून झाल्यावर कंडेन्सर खाली तसाच राहतो, आणि मग चांगल्या स्लाइडमध्येही प्रत्येक कण चकाकतो. मला आलेल्या फोनांपैकी काही इथेच मिटलेत. फोनवरच “कंडेन्सर वर कर” म्हटलं, पलीकडून दोन सेकंद शांतता, मग “हां ताई, ठीक आहे” आणि फोन बंद.

दुसरी, कचरा कुठे आहे ते ओळखा. आयपीस फिरवा. डाग फिरला तर तो आयपीसवर आहे. स्लाइड सरकवा. डाग सरकला तर स्लाइडवर. दोन्ही केल्यावरही जागचा हलत नाही तर लेन्सवर किंवा कंडेन्सरवर.

तिसरी, बोटावरचं स्पिरिट. रांग मोठी असते, सिस्टर घाईत असतात, कापसाने पुसलं की लगेच टोचतात. ओलं स्पिरिट रक्तात मिसळलं की थिक स्मिअर तिथल्या तिथे फिक्स होतो, म्हणजे पेशी काचेवर पक्क्या बसतात. मग पाण्यात लाल पेशी फुटत नाहीत, हिमोग्लोबिन निघून जात नाही आणि सगळं तपकिरी राहतं. बोट कोरडं होईपर्यंत थांबायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा.

चौथी, रक्त किती वाजताचं आहे. आमच्याकडे संध्याकाळच्या शिबिरातल्या ट्यूब कधी कधी दुसऱ्या दिवशी सकाळी येतात. ईडीटीएमध्ये (ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं रसायन) रात्रभर राहिलेल्या रक्तात लाल पेशींना काटे येतात, पांढऱ्या पेशी फुगून विरघळल्यासारख्या होतात, परजीवीचाही आकार बिघडतो. मलेरियाची स्लाइड शक्यतो बोटातून थेट करा. ट्यूबमधून करायचीच असेल तर दोन तासांच्या आत. आणि २ मिलीच्या ट्यूबमध्ये लहान मुलाचं अर्धा मिली रक्त भरलं असेल तर ईडीटीए जास्त होऊन पेशी आक्रसतात, हेही लक्षात असू द्या.

वाळवणं

पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारी इथे आहेत, म्हणून जरा थांबून सांगते.

थिन स्मिअर, म्हणजे काचेवर पातळ ओढलेला थर, पटकन वाळला पाहिजे. उन्हाळ्यात तो आपोआप वाळतो, म्हणून आपल्याला सवयच नसते. जुलैत हवा इतकी ओली असते की ओढलेला स्मिअर मिनिट-दीड मिनिट ओलसर राहतो. तेवढ्या वेळात पेशी आक्रसतात, प्लाझ्मा साकळतो आणि नंतर तीच चकाकणारी भोकं दिसतात. स्मिअर ओढल्या ओढल्या हातात धरून वारा घाला, किंवा छोटा टेबल फॅन. वाळला की लगेच मिथेनॉलमध्ये फिक्स करा, लीशमन (मिथेनॉलमध्ये बनवलेला स्टेन) करणार असाल तर लगेच स्टेन घाला. “दहा स्लाइड जमल्या की एकदम करू” हे पावसाळ्यात चालत नाही. न फिक्स केलेला स्मिअर दमट हवेत तासन्तास पडला की मागचा प्लाझ्मा निळा रंग ओढतो.

थिकचं उलट आहे. त्याला वेळ लागतो, आणि घाई केली तर तो जातो. बल्बखाली, सेंट्रिफ्यूजच्या गरम झाकणावर, ऑटोक्लेव्हच्या बाजूला ठेवून वाळवला तर उष्णतेने फिक्स होतो. आणि पूर्ण न वाळलेला थिक पाण्यात घातला की सुटून जातो. आडवा, सपाट, पंख्याखाली, झाकून. झाकायचं कारण माश्या आणि झुरळं. मला पहिल्या वर्षी कळेना की थिकच्या मधोमध नक्षी कोण काढतं. रात्री बाकावर राहिलेल्या स्लाइडचं रक्त झुरळं खाऊन गेली होती. आता जाळीचा डबा आहे, भाजीवाल्याकडे मिळतो तसा.

थिकवर लीशमन थेट ओतू नका, हे सांगायची गरज नाही असं वाटतं तरी सांगते. लीशमनमध्ये मिथेनॉल आहे, ते थिकला फिक्स करतं. आधी साध्या डिस्टिल्ड पाण्यात हिमोग्लोबिन काढून टाकायचं, मग स्टेन. नाहीतर जिम्सा किंवा जेएसबी हे स्टेन वापरा. आणि एकाच स्लाइडवर थिक-थिन दोन्ही असतील तर थिन फिक्स करताना मिथेनॉल थिकपर्यंत वाहू देऊ नका. स्लाइड तिरपी धरायची, थिक वरच्या बाजूला.

नवीन स्लाइड्सचं पाकीटही बघा. दमट कपाटात राहिलेल्या काचा एकमेकींना चिकटतात, त्यांवर पुसट दुधाळ थर येतो आणि रक्त सरळ पसरत नाही, मधे मधे बेटं राहतात. स्पिरिटने पुसून, कोरड्या फडक्याने घासून बघा. एसी खोलीतून आणलेली काच बाहेर येताच घामेजते, ती दहा मिनिटं बाहेर राहू द्या.

थोडे पैसे लागणारं: पाण्याचा पीएच

निळी किंवा विटकरी स्लाइड म्हणजे बहुतेक वेळा पीएच. पाणी अल्कधर्मी असेल तर निळं, आम्लधर्मी असेल तर लाल. लीशमनला साधारण ६.८ लागतो. मलेरियासाठी जिम्सा करताना ७.२, कारण व्हायवॅक्स या मलेरियाच्या जातीचे शुफनरचे ठिपके (लागण झालेल्या लाल पेशीतले बारीक ठिपके) त्या पीएचला नीट उमटतात, ६.८ ला बरेचदा हुकतात. ७.२ वर लाल पेशी थोड्या करड्या दिसतात. ते बिघडलेलं नाही, तसंच असतं. हिमॅटॉलॉजीची सुरेख गुलाबी स्लाइड बघून डोळे तयार झालेले लोक मलेरियाची बरोबर स्लाइड ‘खराब’ म्हणून टाकून देतात, हेही मी पाहिलंय.

आता पाणी येतं कुठून ते बघा. आमच्याकडे महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, एमआयडीसीच्या पट्ट्यात बारवीचं, आणि शटडाउन असला की टँकरचं. टँकरवाल्याने कुठली विहीर किंवा बोअर उपसली ते तोच जाणे. दोन दिवस टँकर आला की आमच्या स्लाइड निळ्या व्हायच्या, नळ सुरू झाला की सुधारायच्या. आम्ही मात्र तोवर स्टेनच्या बाटल्या बदलून मोकळे झालेले असायचो. पावसात पाणी गढूळ येतं, क्लोरीनचा वासही जास्त येतो. तसलं पाणी मी स्टेनला लावतच नाही.

“पण ताई, आम्ही डिस्टिल्ड वापरतो.” डिस्टिल्ड पाण्याचा पीएच ७ राहत नाही. उघडं राहिलं की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि साडेपाच-सहापर्यंत उतरतं. गॅरेजमधून आणलेल्या बॅटरीच्या पाण्याने स्लाइड लाल का येते याचं उत्तर हेच. नुसतं शुद्ध पाणी पुरत नाही, बफर लागतो.

पीएच पट्ट्यांचं पाकीट आणा. अख्खी १ ते १४ वाली पट्टी फार ढोबळ असते, ६ ते ८ मधला फरक दाखवणारी घ्या. बफरच्या गोळ्या मिळतात, पाकिटावर लिहिलेल्या मापाने विरघळवा. गोळ्या नसतील तर ७.२ साठी १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ०.७ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि १ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. ‘निर्जल’ हा शब्द बरणीवर बघा. पाण्याचे रेणू असलेलं मीठ त्याच वजनात घेतलं तर पीएच खाली जातो. आणि ती मीठंही पावसाळ्यात ओल धरतात, गोळा झालेली असतील तर वजन खोटं येतं. बाटलीवर तारीख टाका. तळाशी धाग्यासारखं काही तरंगायला लागलं की ओतून द्या, ती बुरशी आहे. बफर बदलल्यावर पुन्हा बोट टोचा, एकच स्लाइड करा, मग पेशंटच्या करा.

मग स्टेनची बाटली

लीशमन म्हणजे ०.१५ ग्रॅम पावडर १०० मिली मिथेनॉलमध्ये. हा स्टेन लीशमन नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून तो ज्या एका गोष्टीने मरतो ती म्हणजे पाण्याचा थेंब. मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. झाकण उघडं राहिलं, ओला ड्रॉपर आत गेला, धुऊन न वाळवलेल्या बाटलीत भरला, की स्टेन बाटलीतच काम सुरू करतो. भुकटी तळाशी बसते, आणि त्यात फिक्स झालेल्या लाल पेशींत ती चकाकती भोकं. माझ्या त्या चार स्लाइडमधल्या खोट्या रिंगांचं कारण हेच होतं. मावशींनी ड्रॉपर नळाखाली धुऊन, झटकून, परत बाटलीत ठेवला होता. स्वच्छतेच्या काळजीपोटीच.

काय करायचं: मोठी बाटली तपकिरी काचेची, घट्ट बुचाची, कपाटात. रोजच्या वापरासाठी ३०-४० मिलीची छोटी बाटली, आठवड्याला नवी भरायची. उरलेलं मोठ्या बाटलीत परत ओतायचं नाही. भुकटी दिसत असेल तर वापरण्याआधी फिल्टर पेपरमधून गाळा. गाळूनही भोकं राहिली तर भुकटी गेली पण पाणी आतच आहे, टाकून द्या. जिम्साची एक सोपी परीक्षा आहे. फिल्टर पेपरवर स्टेनचा एक थेंब, वाळला की त्याच्या मधोमध मिथेनॉलचे तीन-चार थेंब सावकाश. मधे निळं, भोवती जांभळं, बाहेर बारीक गुलाबी-लाल कडं उमटलं तर स्टेन ठीक. नुसता निळा डाग पसरला तर गेला.

भुकटीचं आणखी एक कारण धुण्यात असतं. स्टेन आधी ओतून दिला आणि मग पाणी सोडलं तर वरची सोनेरी साय स्लाइडवरच बसते. स्लाइड सपाट ठेवूनच पाणी सोडायचं, म्हणजे ती साय तरंगत निघून जाते. आणि रॅकवर स्टेन वाळू द्यायचा नाही. लीशमन घातल्यावर २ मिनिटं, मग दुप्पट बफर, मग ८ ते १० मिनिटं. फोन आला म्हणून उठलात तर परत आल्यावर ती स्लाइड गेली समजा.

मिथेनॉल नवं आणायचं झालं तर ॲसिटोन नसलेलं, एआर ग्रेडचं (लॅबसाठीच्या शुद्धतेचं), ५०० मिलीची बाटली. मोठी स्वस्त पडते पण दहा वेळा उघडून तिची माती होते. सर्जिकल स्पिरिट, सॅनिटायझर यांचा पर्याय कोणी सुचवेल. त्यांत पाणी असतंच, म्हणजे जो आजार तोच औषधात. आणि मिथेनॉल विष आहे, थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, पेटही घेतं. पाण्याच्या बाटलीत कधीच भरायचं नाही, कुलपात ठेवायचं.

शेवटी लेन्स

सगळं बदललं तरी चित्र धुकट असेल तर शंभरचा लेन्स काढून उलटा धरा आणि आयपीस काढून त्यातून त्याच्या तोंडाकडे बघा. वाळलेलं तेल दिसलं तर लेन्स पेपरवर किंचित झायलीन घेऊन पुसा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे आत दिसले तर ती बुरशी. ती पुसून जात नाही. रोज संध्याकाळी मायक्रोस्कोप सिलिका जेलसोबत बंद कपाटात ठेवला तर ती येत नाही. निळं जेल गुलाबी झालं की गरम करून पुन्हा निळं करायचं. रेक्झिनचं कव्हर घालून टेबलावर ठेवणं म्हणजे बुरशीला पांघरूण.

कुठे थांबायचं

लेन्सच्या आत बुरशी असेल तर थांबा, लेन्स उघडू नका. मायक्रोस्कोप दुरुस्त करणाऱ्यालाच बोलवा. मी एकदा घरच्या स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केला होता, नवा लेन्स घ्यावा लागला.

नवं मिथेनॉल, नवा बफर, तुमचं बोट, आणि तरीही दोनदा स्लाइड वाचता आली नाही, तर तिसऱ्यांदा पेशंटला थांबवू नका. स्लाइड मोठ्या लॅबकडे पाठवा आणि तोवर रॅपिड कार्ड (रक्ताच्या थेंबावर रेघ दाखवणारी झटपट चाचणी) करा. कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून मलेरिया नाही असं धरू नका. आणि फाल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या जातीची रेघ उपचारानंतर कित्येक आठवडे राहू शकते, त्यामुळे पूर्वी गोळ्या घेतल्या का ते विचारा. खराब स्लाइडवर “परजीवी आढळला नाही” असं लिहायचं नाही. “स्लाइड वाचण्यायोग्य नाही, पुन्हा नमुना द्यावा” असंच लिहायचं. डॉक्टर चिडतात. चिडू देत.

पेशंट बरळतोय, झटके आले, डोळे पिवळे, लघवी कमी, सारखी उलटी, गरोदर बाई, तान्हं मूल: यांपैकी काहीही असेल तर स्लाइडची वाटच बघायची नाही. लगेच डॉक्टरांना सांगायचं, ते मोठ्या रुग्णालयात पाठवतील.

आणि बिघाड सापडला त्या दिवशी आधी गेलेले रिपोर्ट तपासा. त्या जुलैत मी पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दुपारीच फोन केला. रजिस्टर उघडून चौघांना परत बोलावलं. तिघं आले. चौथा साइटवरचा मजूर होता. त्याचा मोबाइल मुकादमाचा निघाला, मुकादमाने संध्याकाळी त्याला आणून सोडलं. नव्या स्टेनवर चौघांच्या स्लाइड पुन्हा केल्या. तीन स्वच्छ. त्या मजुराच्या स्लाइडमध्ये खरा व्हायवॅक्स होता, फुगलेल्या पेशी, ठिपके, सगळं.

बाहेर स्लाइड पाठवताना थिन मिथेनॉलने फिक्स केलेला, थिक तसाच न फिक्स केलेला, दोन्ही स्टेन न करता, कोरड्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसह, शक्यतो त्याच दिवशी. सोबत ईडीटीएची ट्यूब आणि एक चिठ्ठी: रक्त किती वाजता घेतलं, बोटातलं की शिरेतलं, ताप किती दिवस, मलेरियाच्या गोळ्या सुरू केल्या का, आणि तुमच्याकडे स्लाइड निळी येतेय की लाल. चिठ्ठी नसली तर तिकडून फोन येतो आणि ते हेच विचारतात.